फुलांच्या पाटीवरची निळी अक्षरं

मंगळवार, नाशिक रोड, २००३

आज डीटीपीच्या दुकानात, काम संपल्यावर, वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, फुलांच्या दुकानाची पाटी करायला बसले. अण्णा मागे उभे. म्हणाले, "तुझ्या कॉम्प्युटर क्लासच्या पाटीवर होती ना रॉकेटसारखी, तीच अक्षरं घाल."

क्लास कधीच बंद झाला. पण ती निळी, कोपरे कोपरे असलेली अक्षरं! पहिल्या दिवशी अण्णांनी फुलांच्या टेम्पोतून सोडलं होतं. मी आत जाईपर्यंत टेम्पो हलला नव्हता.

घालून पाहिली. 'झेंडू' पत्र्यातून कापल्यासारखा दिसला. म्हटलं, "अण्णा, ही क्रिकेटच्या टी-शर्टवर शोभतात, मोबाईलच्या दुकानावर शोभतात. फुलांना गोल अक्षरच हवं."

अण्णा स्क्रीनवरून नजर काढून रस्त्याकडे बघू लागले. उगाच शहाणपणा केला का मी? त्यांना एवढं का लागावं?

मग म्हणाले, "फुलांना घाल गोल. पण खाली तुझं नाव येणारे, बी.ए. लावून. त्याला तरी ती घाल. घरात पदवी घेतलेली पहिलीच तू."

घातली. माझं नाव, निळ्या कोपऱ्यांत. पुन्हा त्या क्लासच्या दारात उभी आहे असं वाटतंय, आणि टेम्पो अजून हललेला नाही.