गाडीने काढून ठेवलेला फोटो

प्रिय ठमे,

तुझा मेसेज मिळाला. फोन केला असता, पण फोनवर तू मला मधेच तोडतेस आणि मी मूळ मुद्दा विसरतो. कागदावरही विसरणारच आहे, पण निदान तुला पान उलटून शोधता येईल. तू विचारलंस, घरच्या घरी गाडी तपासायचं मशीन घ्यायचंय, कुठलं घेऊ? दुकानदार सगळ्यांत मोठं गळ्यात मारत होता म्हणे. मारणारच. आमचे मालक म्हणतात, गिऱ्हाईक घाबरलेलं दिसलं की दुकानदाराला सगळ्यांत मोठा डबा आठवतो.

हो, मी सध्या गॅरेजात आहे. त्याआधी बोटींना रंग द्यायचो, त्याच्या आधीचं सोड. बसडेपोच्या मागे लांबट शेड आहे आमची. ऊन चढलं की पत्रा टकटक वाजतो. एक मांजर आहे, ती फक्त नुकत्याच बंद केलेल्या गाडीच्या बोनेटवर झोपते. कुठली गाडी आत्ता आली आणि कुठली सकाळपासून उभी आहे, ते तिच्याकडे बघून कळतं. मालक तिला थर्मामीटर म्हणतात. बघ, गेलो भरकटत. आईने माझं नाव भोवरा उगाच नव्हतं ठेवलं.

तर मशीन. स्टेअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी एक चपटं सॉकेट असतं, त्यात ते खोचायचं. एक प्रकार अंगठ्याएवढा, तो फोनला जोडतात. स्वस्त आहे, बराही आहे. दुसरा वायरवाला, हातात धरायचा, त्याला स्वतःची छोटी काच असते. तिसरा तो मोठा डबा, तो गॅरेजवाल्यांनी घ्यावा. तिन्ही सांगतात एकच गोष्ट, एक अक्षर आणि त्यापुढे आकडे. म्हणजे गाडीला दुखतंय कुठे, एवढंच. का दुखतंय ते आपण शोधायचं. आणि तिन्हींत एक बटण असतं, सगळं पुसून टाकायचं. ते दाबलं की स्टेअरिंगसमोरचा तो इंजिनाचा पिवळा दिवा जातो. तुला तेवढंच हवंय, मला माहीत आहे. दिवा गेला की बाबा गाडी विकायला तयार होतील, असं तू लिहिलंस. आणि बाबाही म्हणाले, आण मशीन. ते वाचलं आणि मी हातातला पाना खाली ठेवला.

तुला आठवतं का, बाबा गाडीला कसे हात लावायचे? जन्मभर कपडे शिवलेला माणूस, गाडी चालवता येत नाही, पण बोनेट उघडायचं तर इस्त्री केल्यासारख्या बाह्या दुमडणार. शिवणयंत्राचं तेल दाराच्या बिजागरीला. आणि तो निळा खडू! जो नट आवळून झाला त्याच्यावर बारीक रेघ, जिथे अजून बघायचं राहिलंय तिथे फुली. आई ड्रायव्हरच्या सीटवरून ओरडायची, "काय हो, इंजिनाला काजं-बटणं करताय की काय? मला उशीर होतोय!" आणि बाबा आतूनच, "ट्रायल झाल्याशिवाय माल देत नाही मी." ती चालवणार, ते दुरुस्त करणार. त्या दोघांचं सगळंच असं वाटून घेतलेलं होतं.

आई गेली त्या दिवशी बाबा शिवलेला कोट पोचवायला गेले होते. तू कॉलेजात. मी कुठे होतो ते मलाच नीट सांगता येणार नाही. आईच्या छातीत दुखायला लागलं आणि ती नेहमीसारखी किल्ली घेऊन निघाली. दवाखान्याच्या फाटकाच्या आत गाडी नीट रेषेत लावली, हँडब्रेक ओढला, आणि काउंटरपर्यंत पोचली. पुढचं तुला माहीत आहे. डॉक्टर काही वाईट माणूस नव्हता. तो सहज म्हणाला, थोडं आधी आणलं असतं तर. आणलं असतं कोणी? पण ते वाक्य बाबांनी घरी आणलं आणि अजून घरातच आहे. शेजारच्या काकांनी गाडी अंगणात आणून लावली तेव्हा तो दिवा पेटलेला होता.

मी आलो होतो ना तेव्हा, माणसांची गर्दी सोसेना म्हणून जरा अंगणात गेलो आणि बोनेट उघडलं. आत जिथे तिथे निळ्या रेघा. आणि प्लगांच्या वायरीपाशी एक फुली. अगदी ताजी. आई आदल्या आठवड्यात म्हणाली होती, चढावर गाडी धक्के देते. बाबांनी बघितलं होतं, खूण केली होती, आणि कोटांची घाई संपली की करू म्हणाले होते. मी बोनेट लावून वळलो तर बाबा मागे उभे. म्हणाले, "काय रे, गाडीला आठवण असते का?" मी गाढव, मला वाटलं त्यांना विषय बदलायचाय. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, असते बाबा. दिवा पेटला त्या क्षणाचा गाडी एक फोटो काढून ठेवते. वेग किती होता, इंजिन कसं चाललं होतं, सगळं. फक्त जुन्या गाडीत बॅटरी मेली की तो जातो. ते हं म्हणाले आणि आत गेले.

ठमे, दर रविवारी ते अंगणात बसून गाडी चालू करतात ती आईची आठवण येते म्हणून, असं तुला वाटतं. येत असेलच गं. पण ते बॅटरी जिवंत ठेवताहेत. तो फोटो जाऊ नये म्हणून. बघायची हिंमत नाही आणि जाऊ द्यायचीही नाही. आता तू लिहितेस की चालू होताना गाडी कण्हते, बॅटरी दमली असं काका म्हणाले. म्हणूनच बाबा म्हणाले, आण. त्यांना दिवा घालवायचा नाहीये. आई वाटेत अडकली होती का, ते बघायचंय. मशीनवर पी आणि पुढे शून्य तीन आलं, तर इंजिन अडखळत होतं, फुली होती तिथेच. दुसरं काही आलं, धुराचा सेन्सर वगैरे, तर गाडी तिला नीट घेऊन गेली होती. चष्मा पुसून पुसून ते तो आकडा वाचतील, आणि मग पुढची सगळी वर्षं वाचत राहतील.

म्हणून मशीन घेऊ नकोस. मी घेतलंय, वायरवालं. फोनवाल्यात जे वाचलं ते साठून राहतं, कोणीही नंतर उघडून बघू शकतं. यात पुसलं की कुठेच काही उरत नाही. मालकांना सांगितलं, ते म्हणाले, जा, तुझी जागा मांजर धरून ठेवेल. मी पोचेपर्यंत काकांकडून चार्जर आणून बॅटरीला लाव, आणि बाबांनी विचारलं तर सांग, भोवऱ्याला यायचंय, त्यालाच करू दे. मी आलो की स्टेअरिंगखाली वाकेन, काच माझ्याकडे वळवून धरेन आणि बटण दाबूनच वर येईन. बाबा दाराला धरून उभे असतील. मी म्हणेन, सेन्सर होता बाबा, धुराचा, त्याने गाडी थांबत नाही. काहीही निघालं तरी मी हेच म्हणणार आहे, तुलासुद्धा. मला खोटं बोलता येत नाही हे तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही. म्हणून एवढंच सांगायला हे पत्र: मी मान वर काढेन तेव्हा तू बाबांकडे बघ. माझ्याकडे बघू नकोस.

निघालोच आहे,
तुझाच
भोवरा