दाजींची जागा

रवि. ९ नोव्हें.
आजही नाही जमलं. दाजींच्या बोटीचा नवा रेडिओ आणि सोनार दोन्ही टेबलावर पसरून बसलोय. हिने वैतागून ताटं पलंगावर मांडली.

अक्काचा फोन. म्हटलं, रेडिओ सोनाराला जोडतोय. "सोनाराला? कुठला दागिना मोडताय रे?" मग तिला पहिल्यापासून सांगितलं. सोनार म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणारं मशीन, त्यातच जीपीएस. रेडिओवर लाल बटण आहे, संकटात दाबलं की चहूकडे हाक जाते. पण बोट कुठं आहे हे रेडिओला स्वतःला कळत नाही, ते सोनाराने त्याला सांगायचं. म्हणून मधे वायर.

हसायची थांबली. त्यांच्या शेजारची बोट मागे इंजिन बंद पडून वाहत गेली होती, ते डोक्यातून जात नाही तिच्या. "सत्या, बटण दाबलं की जागा गेली पायजे. नायतर मी यांना दर्यात सोडणार नाय."

इतकी वर्षं वागळे इस्टेटमधल्या कंपनीत पॅनल वायरिंग करतोय, आणि दोन तारांनी नाकी नऊ आणलेत. रेडिओवर जागेच्या ठिकाणी नुसत्या रेघा.

मंगळ. ११
जमलं! गाढवपणा माझाच. रंग बघून पिवळीला पिवळी जोडत होतो. म्हणजे बोलणारी तार बोलणारीला. दोन्ही मशीनं बोलतायत, ऐकत कोणीच नाही, आमच्या घरातल्यासारखं. उलटसुलट केलं आणि रेघांच्या जागी आकडे. आमच्या वर्तकनगरचे!

दाजी आलेले. खुशीत सोनारातली एक खूण उघडून दाखवली. त्यांची मासळीची खास जागा, वर नाव टाकलंय उषा. अक्काचं नाव! या वयात! मी खूण तशीच उघडी असताना दोन्ही मशीनं शेजारी ठेवून फोटो काढला, तर एकदम गंभीर. "ही जागा कोणाला बोलायची नाय. माज्या बापानं मना दिलेली हाय ती."

मी आपला जिंकल्याच्या तोऱ्यात. म्हटलं, "आता कसली लपवाछपवी दाजी, आता तुम्ही कुठं आहात ते सगळ्या जगाला कळणार!"

हसले नाहीत. चहा अर्धा ठेवून उठले.

शनि. १५
उत्तनला जाऊन बोटीवर बसवून आलो. भाईंदरपासून रिक्षावाल्याने पुरतं लुटलं. जोडावर प्लॅस्टिकची स्लीव्ह चढवली, माझं लेबल लावलं, कंपनीत लावतो तसं. अक्काने स्वतः केबिनमध्ये वाकून आकडे बघितले. हात जोडले त्या रेडिओला. पोट फुटेस्तोवर जेवण.

दाजी उद्या पहाटे निघणार, तीन खलाशी बरोबर. बुधवारपर्यंत परत.

मंगळ. १८
दुपारी पॅनलमध्ये हात असताना अक्काचा फोन. कपडे धुवायला काढले, यांच्या सदऱ्याच्या खिशात पिवळी वायर सापडली, तुझं लेबल आहे, जास्तीची होती का रे?

फोटो मागवला. स्लीव्ह तीच, जोड तोच. दोन्ही बाजूंनी पकडीने कापलेला.

काय झालं ते लगेच कळलं. माझं ते वाक्य. सगळ्या जगाला कळणार. त्यांना वाटलं रेडिओ येताजाता त्यांची जागा ओरडत सुटणार, उद्या तिथे पन्नास बोटी. अहो दाजी, बटण दाबल्यावरच जाते हो जागा! एवढं एक वाक्य सांगायचं होतं. ते राहिलं आणि चेष्टा सुचली.

अक्काला म्हटलं, हो, जास्तीची होती. काय करू.

मोबाइल लागत नाही त्यांचा. वारा सुटणार म्हणतायत.

बुध. १९
वारा. सुट्टी टाकून उत्तनला आलोय. बोटी एकेक करून परत येतायत, दाजींची नाही. येणाऱ्या प्रत्येकाला सांगतोय, दाजी रेडिओवर लागले तर सांगा, वायर परत जोडा. एक जण म्हणाला, "त्याला सांगनार कोन? त्यो जागेवर असला का रेडिओ बंद ठेवतो."

गुरु. २०
सकाळी दोन बोटींच्या रेडिओवर धोक्याची हाक आली. हाकेबरोबर आलेला नंबर दाजींच्या रेडिओचा. जागेच्या ठिकाणी रेघा.

म्हणजे बटण दाबलं. ते दाबतील अशी वेळ आली.

मग आवाजही आला, तुटक. हाक ऐकलेल्या एका बोटीच्या तांडेलाने, अक्काच्या शेजारच्याच, येऊन सांगितलं. इंजिन गेलं, पाणी शिरतंय. जागा विचारली तर दाजी म्हणाले, उत्तरेला, डहाणूच्या बाजूला. आणि मग बंद.

मी म्हटलं, मग निघा की! तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तांडेल म्हणाला, "अरे, त्यो जनमभर डहाणूच सांगत आलाय. दक्षिनेला असला तरी डहाणू. आमी बी तेच करतंव. रेडिओवर खरी जागा कोन सांगतो?"

कोस्टगार्डच्या साहेबांना सगळं सांगितलंय. त्यांची बोटही विचारते, कुठल्या बाजूला जाऊ?

शुक्र. २१
माझ्या मोबाइलमध्ये तो फोटो होता, खुणेच्या आकड्यांसकट. कोणाला बोलायची नाही म्हणाले होते. बापाने दिलेली जागा. अक्काला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, खिशातल्या वायरचंही. मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाली, "दाखव. जागा जाऊ दे."

धक्क्यावर सगळ्यांसमोर वाचून दाखवली. दाजींची जागा आता सगळ्या बंदराची. दक्षिणेला निघते, डहाणूच्या बरोबर उलट. तांडेल म्हणाला, "बघ, बोल्लो व्हतो." तीन बोटी आणि साहेबांची एक, चारही तिकडेच गेल्या. उत्तरेला कोणी नाही. या वाऱ्यात दोन्हीकडे जाण्याइतक्या बोटीच नाहीत.

बोटी दिसेनाशा झाल्यावर डोक्यात आलं. बुधवारी परत यायचे होते ते. जागेवरून निघून वाऱ्याने कुठेही गेले असतील. आणि बुडायला आलेला माणूस खोटं का बोलेल? आयुष्यात एकदाच खरं डहाणू म्हणाले असतील तर?

तांडेलाकडे धावलो. तो म्हणाला, आता त्यांना वळवायचं तर रेडिओवरून वळवतो, पन तू ठरव, दाजी तुजा हाय. काय बघून ठरवू? मी म्हटलं, राहू दे, जाऊ दे तिकडेच.

अक्का धक्क्यावर दक्षिणेकडे तोंड करून बसली आहे. मघाशी विचारलं, "जागा नक्की तीच ना रे, सत्या?"

हो म्हणालो. तिच्या शेजारी बसलोय, आणि मी उत्तरेकडे बघतोय.