कोविडच असता तर

सोम. ३ जाने. २०२२
बसवत नाही. आधी वाटलं, घामोळं असेल. आज आरसा धरून पाहिलं. फोड आहेत, पाण्याने भरलेले. लघवीला जाताना नॅपकिन दातात धरावा लागला. अंगात कणकण. इथल्या आमच्या उपनगरातल्या, केलीव्हिलच्या डॉक्टरीणबाई आपल्या मराठी मंडळातल्या. त्यांच्याकडे नको. लांब पॅरामॅटाला जाते, तिथे ओळखीचं कोणी नाही.

बुध. ५ जाने.
मास्क होता, बरं झालं. डॉक्टर तरुण, गोरी. पाहताक्षणी म्हणाली, बहुतेक जननेंद्रियांचा हर्पिस. स्वॅब घेतला, गोळ्या लगेच सुरू. "व्हेरी कॉमन. नो वरीज." मी सांगत सुटले: नवरा गेल्या मार्चपासून पुण्यात आहे, सासऱ्यांच्या आजारपणासाठी गेला आणि बॉर्डर बंद झाल्यामुळे अडकला, आता कुठे या महिन्यात परत येतोय, दुसरं कोणी नाही, कधीच नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं.

शनि. ८ जाने.
मिहिकाचे टॉवेल उकळून वेगळे ठेवले. साबण वेगळा. तिला माझ्या पलंगावर बसू देत नाही. पाळीत आई बाजूला बसवायची तेव्हा मी केवढी भांडायचे!
"आई, आर यू पॉझिटिव्ह? जस्ट टेल मी."
पंधरा वर्षांच्या मुलीला काय सांगू? दार लोटून घेतलं. तिने कोविडच धरला. कोविडचं टेस्ट किट कुठेच मिळत नाहीये, त्यामुळे पुरावा कोणी मागत नाही. तिने बाबाला कळवलं. निखिलचा लगेच फोन.
"कोविडच ना? मग ठीक आहे गं. मला वाटलं, काही भलतंच."
मी "हं" म्हटलं.
ते "हं" खोटंच.

मंगळ. ११ जाने.
रिपोर्ट आला. हर्पिस, टाइप टू. डॉक्टर फोनवर म्हणाली, कोणाकडून आला, कधी आला, हे टेस्ट सांगू शकत नाही. वर्षानुवर्षं अंगात गप्प असू शकतो, नवऱ्याच्या किंवा माझ्या. ताण पडला की उठतो. पहिल्यांदा त्रास जास्त, पुढे कमी. जातो मात्र कधीच नाही. मुंग्या आल्यासारखं वाटायला लागलं की फोड पूर्ण बरे होईपर्यंत संबंध नको. फोड नसतानाही लागण होऊ शकते. गोळ्या आणि काँडोमने धोका कमी होतो, संपत नाही. टॉवेलने पसरत नाही.
गप्प असू शकतो, हे तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. माझा विश्वास बसला. निखिलचा बसेल? नऊ-दहा महिने बायको एकटी...
आणि त्याचं काय, हा विचार आजवर मनात आला कसा नाही? आज आला. आता जात नाही.

शुक्र. १४ जाने.
संक्रांत. हळदीकुंकू रद्द. समोरच्या शुभदाने दारात डबा ठेवला, गुळाची पोळी आणि तिळगूळ. अंगणातून ओरडली, "अगं ए, खिडकीत तरी ये! नवरा येतोय म्हणून फेशियल करत बसलीस की काय?" खिडकीतून हात हलवला. आजारपणाचं कौतुक चाललंय. खरं नाव कळलं तर डबा येईल?
मिहिका दारात उभी. "कॅन आय हग यू नाऊ?" जवळ घेतलं. किती दिवस उगीच लांब ठेवली पोरीला.

गुरु. २० जाने.
फोड सुकले. तिकीट पक्कं, निखिल शनिवारी निघतोय. मेसेज लिहिला, पुसला. आधी सांगितलं तर तो विमानात बसेल का? नंतर सांगितलं तर त्याला फसवून घरात घेतल्यासारखं. पण हे सांगणं त्याच्या भल्यासाठी, की त्याचा चेहरा कसा होतो ते बघण्यासाठी? खरंच कळत नाही.

शुक्र. २१ जाने.
सांगितलं. नेहमीसारखा स्पीकर चालू, सासूबाई मागून विचारत होत्या, "तोंडाला चव आली का गं?" म्हटलं, निखिल, स्पीकर बंद कर. गॅलरीत जा.
कोविड नव्हता. हर्पिस आहे. खाली.
पलीकडे गॅलरीचं दार ओढून घेतल्याचा आवाज.
मग म्हणाला, "पहिल्यांदाच एवढा त्रास होतो. पुढे कमी होतो."
मी थांबले. त्याने पुढे काहीच विचारलं नाही. कसा, कुठून, कोणाकडून, काहीच नाही. "बाबा हाक मारतायत," म्हणून फोन ठेवला.
वाचलं असेल कुठेतरी. कोणालाही माहीत असू शकतं. मला डॉक्टरने सांगितलं. त्याला कोणी?
पाहुण्यांच्या खोलीतला पलंग तयार केला. त्याच्यासाठी की माझ्यासाठी, ते अजून ठरवलेलं नाही.