अर्ध्या थेंबाची वाटणी

सोमवार, ३ तारीख

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या कुत्र्याविरुद्ध रीतसर तक्रार नोंदवत आहे. काल दुपारी मी उत्तरपत्रिका तपासत असता एका पिसूने माझ्या डाव्या पोटरीवर चढाई केली. मी तहाची बोलणी सुरू करणार, तोच ती सोफ्यात अंतर्धान पावली. इतकी वर्षं संस्कृत शिकवतो आहे, पण शेवटच्या तासालाही माझ्यासमोरून कोणी इतक्या तत्परतेने पळालेलं नाही.

तू दवाखान्यात भरती झालीस आणि ढब्बू व तुझी मांजर राणीसरकार आमच्याकडे आले. उपचार संपले की तूही इथेच येणार. डॉक्टरांनी तुला बजावलंय, अंगात रोगाशी लढायची ताकद नसेल, घरात पिसवा नि गोचीड चालणार नाहीत. आणि या दोघांवाचून तू राहायची नाहीस. तेव्हा हे युद्ध मला जिंकणं भाग आहे.

आज ढब्बूच्या मानेवर टाकायचं थेंबांचं औषध आणलं. आईचा नियम आठवतो ना? एकाला दिलं की दुसऱ्यालाही त्यातलं अर्धं. उद्या कुत्रा आणि मांजर, दोघांत न्याय्य वाटणी करीन.

लोभ असावा. पिसवांचा आहेच.

तुझा,
दादा

---

शुक्रवार, ७ तारीख

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. लगेच वहिनीला फोन लावला. ती म्हणाली, थेंब मांजरीच्या मानेवर पडतो न पडतो तोच तिला पाकिटावरचं फुली मारलेलं मांजर दिसलं. राणीसरकारांना बेसिनमध्ये धरून तिने भांड्यांच्या साबणाने धुतलं आणि टॉवेलात गुंडाळून जनावरांचा दवाखाना गाठला. तू मागून चपला हातात घेऊन धावत होतास, हेही कळलं. माझी मांजर वाचली ती वहिनीमुळे. तिचे उपकार कसे फेडू?

अरे, कुत्र्याचं औषध मांजराला विष होऊ शकतं. आणि अर्ध्या डोसाने ढब्बूच्याही पिसवा जात नाहीत, त्याच्या वजनाप्रमाणे पूर्ण लागतो. डॉक्टरांना विचारून दोघांचं वेगवेगळं आण. आईचा नियम बिस्किटापुरता होता. तोही तू कसा पाळायचास ते मला ठाऊक आहे. मोठं अर्धं नेहमी तुझ्याकडेच जायचं.

पिसवांची अंडी सोफ्यात आणि गालिच्यात असतात. तिथे रोज व्हॅक्यूम फिरव, ढब्बूचं अंथरूण गरम पाण्यात धू. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढ, पिळू नकोस.

माझं ठीक आहे.

लोभ आहेच. त्याची वाटणी करू नये.

तुझी,
धाकटी

---

रविवार, ३० तारीख

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

राणीसरकार खातात, पितात आणि मला पाहून पाठ फिरवतात. न्यायच आहे. तुझ्या वहिनीचा मी आजन्म ऋणी आहे. ती म्हणते, ऋणी राहण्यापेक्षा गालिचा उचला. तो उचलला, सोफा उलटा केला, चादरी उकळल्या. जनावरांच्या डॉक्टरीणबाई भल्या. रागावल्या नाहीत, नुसतं विचारलं, की गुरुजी, पाकिटावरचं वाचलं नव्हतंत का? दोघांना आपापलं औषध मिळालं. मधे पिसवा पुन्हा दिसल्या तेव्हा मी खचलो, पण त्या म्हणाल्या, जुन्या कोशांतून निघतायत, धीर धरा.

रोज सकाळी पांढरे मोजे घालून घरभर फिरतो, पिसू असेल तर मोज्यावर दिसते. तुझ्या वहिनीच्या मते मी लग्नातही इतके स्वच्छ मोजे घातले नव्हते. हा अख्खा आठवडा मोजे कोरे आहेत. ढब्बूच्या कानामागे गोचीड नाही. खिडकीजवळची खोली तुझ्यासाठी तयार आहे.

पण तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात मांजर आहे, कुत्रा आहे, माझा गाढवपणा सविस्तर आहे, आणि तुझ्याविषयी फक्त ‘ठीक आहे’. फोनवरही तेवढंच.

आईच्या नियमाने तुझं अर्धं दुखणं माझ्याकडे यायला हवं होतं. याही वेळी मोठं अर्धं मीच घेतलं असतं. ते येत नाही, म्हणून मी पिसवांवर विनोद लिहीत बसतो. मला भीती वाटते, धाकटे. डॉक्टर काय म्हणाले ते खरं कळव.

तुझा,
दादा