दिलेला घोडा

सेनगाव, २७ डिसेंबर २०२४

ती. जिवनअक्कास,
हरीशचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत न्हाईस, म्हणून लिहून राहिलो. आमची पुनम तुझ्याकडं राहून कॉलेज शिकते का नुसतं बुद्धिबळ खेळते? पाच तारखेची जिल्हा स्पर्धा जिंकली तर तिला राज्य स्पर्धेला पुण्याला जायचंय. म्हणे आपलंच प्यादं आधी समोरच्याला देऊन टाकते. काहून? जिला आपलं राखता येत न्हाई, ती पोरगी एकटी पुण्याला कशी धाडू? तू डाव बघ. तू न्हाई म्हणालीस तर विषय बंद.

धाक असाच ठेव, मायाही असू दे.
तुझा हरीश

हिंगोली, ६ जानेवारी २०२५

चि. हरीशास अनेक आशीर्वाद.

आधी अक्षर सुधार.

काल शेवटच्या डावाला मी पुढेच बसले. पुनमसमोर कळमनुरीचे अय्याजभाई, कापडवाले. जिल्ह्यात त्यांना कुणी हरवत नाही. पुनमने पहिलंच प्यादं दोन घरं पुढे टाकलं. आपण ओट्यावर खडूने पट आखून देशी बुद्धिबळ खेळलो, त्यात प्यादं एकच घर चालायचं. मी उठून हरकत घेतली. पंचांनी हात जोडून मला खाली बसवलं. सगळे हसले, पुनमने मान वर केली नाही.

लगेच तिने उंटापुढचं प्यादं देऊ केलं. अय्याजभाईंनी घेतलं. मग त्यांचं प्यादं तिच्या घोड्यावर चालून आलं. तिने घोडा हलवलाच नाही. राजा हत्तीआड नेला आणि घोडा मरू दिला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तिच्या वजिराला, उंटाला, हत्तीला वाट मोकळी होती, आणि अय्याजभाईंची फौज अजून दावणीलाच. पुढे तिने उंटही दिला. त्यांचा राजा भर पटावर पळत सुटला. मी जन्मभर गणित शिकवलं. असं काही पाहिलं नव्हतं.

हार मानत राजा आडवा करून अय्याजभाई म्हणाले, बाई, या लेकराची दृष्ट काढा. मी लुटायला घरात शिरलो अन् हिनं बाहेरून कडी घातली.

निर्णय मी देणार नाही. डावाच्या सगळ्या चाली मागे लिहून दिल्या आहेत. पट मांड, तिच्या जागी बस, मग ठरव.

रागावते तितकीच तुझी काळजी करते.
अक्का

सेनगाव, ११ जानेवारी २०२५

ती. अक्कास सा. न.

पट मांडला. घोड्यापाशी आलो अन् माझा हात त्याला मागं घ्यायलाच गेला. पुन्हा मांडला, पुन्हा तेच. हे आपल्या घरातलं पोरगं व्हय?

पुण्याला मी सोबत येतो. पण डाव चालू असताना बाहेर बसेन. माझ्यानं बघवणार न्हाई.

आशीर्वाद राहू दे.
हरीश