डबल बेस कोणाकडे जाणार याबद्दल

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चोपन्न, धंदा लिफ्ट बसवणे व दुरुस्त करणे (नाव सहीत आहे, दोनदा लिहीत नाही), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, आणि घातले असते तरी मी ऐकले नसते हे घरचे सांगतील. सोमवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, "काही होत नाही हो." लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना हेच वाक्य मी तीस वर्षे ऐकवत आलो आहे, म्हणून लिहून ठेवतो.

१. राहते घर, बँकेतली शिल्लक आणि घरातले सामान पत्नीला. तिने त्याचे काय करावे याबद्दल माझ्या सूचना आहेत, पण ती त्या ऐकणार नाही, सबब लिहीत नाही.

२. हत्यारे माझ्या भागीदाराला. यातून स्पिरिट लेव्हल, म्हणजे सपाटी तपासायचे हत्यार, वगळावी. ती मेव्हण्याने नेली आणि तिच्याने रंग ढवळला. ती त्यानेच ठेवावी.

३. डबल बेस, म्हणजे कोपऱ्यात उभे असलेले माणसाएवढे तंतुवाद्य. पहिल्या मसुद्यात मी तो विकून टाकावा असे लिहिले होते. तो मसुदा फाडला आहे. कारण सविस्तर देतो, कारण उद्या कोणी म्हणेल की म्हातारा पाघळला. मी म्हातारा नाही, आणि पाघळलेलोही नाही.

हे वाद्य मी कोणाकडे शिकलो नाही. ग्रामोफोनच्या एका तबकडीवरून शिकलो. तिच्यात डबल बेस एकटाच वाजतो, सोबत दुसरे काही नाही. असते तर घोटाळा पहिल्याच दिवशी उघड झाला असता. लांब सुरावर बोट झुलवून त्यात जीव आणतात, त्याला व्हायब्रेटो म्हणतात. तबकडीवरचा सूर कसा झुलतो ते मी घड्याळ लावून मोजले. मिनिटाला तेहतीस झोके. बत्तीस नाही, चौतीस नाही. दोन वर्षे घासून मी तेवढेच झोके हातात बसवले, आणि पुढे मुलीलाही तेच शिकवले. ती चौदा वर्षांची होती. चुकली की पुन्हा मोजायला लावायचो.

गावातल्या हौशी वाद्यवृंदात मी एकोणीस वर्षे आहे. तिथले प्रमुख, ज्यांना सगळे 'सर' म्हणतात, मला दर वेळी एवढेच सांगत आले : "लांब सूर आला की तुम्ही नुसता धरून ठेवा. बोट नका हलवू." का, ते कधी सांगितले नाही. मी समजलो, माणूस जळतो.

यंदा मुलगी बाहेरगावी एका बाईंकडे शिकायला लागली. बाईंनी दोन सूर ऐकले आणि घड्याळ काढले. त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"बाबा, रागावू नका हं. आपली तबकडी मिनिटाला किती फेरे घेते?"

"तेहतीस. का?"

"आणि आपले झोके?" ती म्हणाली. मी फोन ठेवला आणि चार महिने तिच्याशी बोललो नाही. गेल्या गुरुवारी पट्टी घेऊन बसलो. तबकडीचे भोक मध्यावर नाही, दीड मिलिमीटर बाजूला आहे. दर फेऱ्याला सूर एकदा वर जातो, एकदा खाली. मी इतकी वर्षे भोक वाजवत होतो. वादकाचा खरा व्हायब्रेटो त्याखाली बारीक ऐकू येत होताच. मी त्याला सुईची खरखर समजलो.

काल मुलगी आली. दवाखान्याची कागदपत्रे लावता लावता म्हणाली, "बेस घेऊन उभे राहा. हात दाखवा."

"कशाला?"

"दाखवा हो. अंगठा केवढा आवळलाय! सोडा."

"सोडला तर बोट निसटेल."

"निसटू दे. आता कोपरापासून हलवा. मनगटाला काही करायला लावू नका, ते येईल मागे."

तिसऱ्या खेपेला सूर उभा राहिला. आतून पत्नीने विचारले, "अगं, बाबांना बसू दे ना आता! किती वाजवायला लावतेस?"

मी मुलीला विचारले, "हे मला एवढ्या वर्षांत कोणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही कोणाला विचारलंत?"

प्रश्न उद्धट आहे. नोंद केली आहे. डबल बेस, गज आणि खोळ मुलीला, विनाअट.

४. ती तबकडी, ती विकणाऱ्या दुकानदाराला. "यापेक्षा चांगली प्रत जगात मिळणार नाही," असे तो म्हणाला होता. सोबत पट्टीही द्यावी.

५. सरांना काही नाही. त्यांचे कान चांगले आहेत, म्हणजे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळले असणार. एका वाक्याचे काम होते. मी चिडलो असतो, महिनाभर आलो नसतो, पण मग आलो असतो. एकोणीस वर्षे त्यांनी मला गप्प धरून ठेवले, आणि वर दरवर्षी आभाराच्या भाषणात माझे नाव घेतले. माझ्या शोकसभेत त्यांनी बोलू नये.

६. सोमवारनंतर मी जिवंत असल्यास वरील सर्व रद्द समजावे, कलम पाच सोडून. तसे झाल्यास मुलीने दर रविवारी अकरा वाजता यावे. येताना बाईंचे घड्याळ आणू नये. चुकलो तर तिथल्या तिथे, तोंडावर सांगावे. मी ओरडेन. तिने उठून जाऊ नये.

सही : (केली आहे)
साक्षीदार : १. शेजारचे शिंपी. हा मजकूर वाचू लागले होते, मी वर हात ठेवला. २. औषधाच्या दुकानातल्या बाई.
ठिकाण : घरचे जेवणाचे टेबल
दिनांक : शनिवार, शस्त्रक्रियेच्या दोन दिवस आधी