कागद गोळा करणारी

प्रिय दादा,

तुझा निरोप वहिनीकडून मिळाला. तुझ्या ऑफिसात, तुझ्याच हाताखाली मला चिकटवून देतोस म्हणे. तू शब्द टाकलास की काम होईल, तेव्हा परीक्षा-बिरीक्षा देत बसू नकोस, असंही सांगितलंयस. माझी काळजी आहे तुला, बरं वाटलं. आता माझं उत्तर ऐक: नको.

लगेच नाक मुरडू नकोस, पुढं वाच. सायबर सुरक्षेत तुझा दबदबा आहे, यात वादच नाही. कॉलेज अर्धवट सोडून, जुने कॉम्प्युटर खोल-जोड करत तू शिकलास आणि आज कुठं घुसखोरी झाली की आधी तुला फोन येतो. तुझं कौतुक सांगून सांगून मी मैत्रिणींना वीट आणलाय. पण तू शिकत होतास तेव्हा खोलीचं दार लावून घ्यायची तुला सोय होती. जेवणाचं ताट दारापाशी मी आणून ठेवायचे.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा नोकरी कुणी सोडायची, याची साधी चर्चासुद्धा झाली नाही. मला त्याचा पश्चात्ताप नाही, उलट समाधान आहे. तिला दुपारी बरं वाटत असलं की मी पायथ्याशी बसून तिला माझ्या सायबर सुरक्षेच्या परीक्षांचे धडे मोठ्यानं वाचून दाखवायचे. पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही, हे तिच्या इतकं डोक्यात बसलं की नवी नर्स आली तर स्वतःचं नावही सांगेना! ती गेल्यावर मी नोकरी शोधायला निघाले, तर जो तो विचारी, मधली वर्षं काय करत होतात? तिथं दाखवायला माझ्याकडे त्या परीक्षांची प्रमाणपत्रंच होती.

तुझं म्हणणं अगदीच खोटं नाही. घोकून पास होणारे पुष्कळ असतात, आणि मीही एका मुलाखतीत चांगली आपटले. एकच कर्मचारी एकाच वेळी दोन शहरांतून लॉग-इन झालेला दाखवला. मी छातीठोकपणे सांगितलं, खातं चोरलंय, ताबडतोब बंद करा. समोरच्या बाई हसल्या. म्हणाल्या, अगं, आधी त्या माणसाला फोन तर कर. तो बिचारा घरून कंपनीच्याच दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरमार्फत काम करत होता. फोन करा, असं माझ्या पुस्तकात कुठंच नव्हतं. मी ओशाळले, पण पुढचा प्रश्न आला तेव्हा पहिल्यांदा फोन नंबर मागितला. प्रमाणपत्रानं काम येत नाही, दादा. त्यानं त्या खुर्चीत बसून चुकायची संधी मिळते. तुला ती न मागता मिळाली होती. त्या बाईंनी मला घेतलं, पहिल्या तारखेला रुजू होतेय.

मग पत्र कशाला, म्हणशील. मागं तुझ्याकडे जेवताना तू रंगात येऊन सांगत होतास, की वशिला नको म्हणून तुमच्याकडे अर्ज नावं झाकून येतात, आणि अनुभवात खंड नि नुसती प्रमाणपत्रं दिसली की तू पहिल्या पानावरच नकार देतोस. "हे सगळे कागद गोळा करणारे," म्हणालास, आणि सगळे हसले. मीही हसले. त्यात एक अर्ज माझा होता, दादा. आदल्याच दिवशी नकार आला होता. मधल्या वर्षांत काय केलं, ते मी दुसऱ्या पानावर लिहिलं होतं: आजारी आईची शुश्रूषा. तुझ्याही आईची. आता माफी मागायला धावत येऊ नकोस, माझं भागलंय. तू नाकारलेले बाकीचे अर्ज काढ, आणि त्यांची दुसरी पानं वाच.

तुझीच,
शेंडेफळ